कुंपणावरचा खाटीक

प्रिटोरियाला लेकीकडे तीन महिने राहून आले. भेटेल तो विचारतो, सिंह पाहिलात का? पाहिला, लांबून. पण ओळख झाली म्हणावी ती एका पक्ष्याशी. इंग्रजीत त्याला कॉमन फिस्कल म्हणतात. आपल्या माळावर तारेवर बसलेला खाटीक दिसतो ना, त्याचाच हा आफ्रिकेतला भाऊबंद. बुलबुलापेक्षा किंचित मोठा. पाठ काळी, पोट पांढरं, खांद्यांवर पांढरे पट्टे, मादीच्या कुशीला तांबूस छटा. असाच काळा-पांढरा एक माशीमारही तिथे आहे. पण त्याची चोच बारीक, याची जाड आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली.

मागच्या कुंपणाच्या काटेरी तारेला एकदा नाकतोडा टोचलेला दिसला, दुसऱ्या दिवशी छोटा सरडा. सहा वर्षांचा नातू रडायलाच लागला. लेक म्हणाली, ‘‘आई, ती तारच काढून टाकते.’’ मी म्हटलं, चार दिवस थांब गं.

मग आजी-नातू खिडकीशी बसू लागलो. या पक्ष्याच्या पायांत ससाण्यासारखी पकड नसते. भक्ष्य फाडायचं तर ते कुठेतरी अडकवावं लागतं. काटा ही त्याची विळी, आणि उरलंसुरलं ठेवायचं शिंकंही. हे पोराला सांगायचं कसं? जावई कानडी, लेक मराठी, पोर बोलतं इंग्रजी! मी ‘खाटीक’ शिकवलं, जावयांनी ‘कटुक’. शाळेतून तो आफ्रिकान्स ‘लाक्समन’ घेऊन आला, म्हणजे फाशी देणारा जल्लाद. शास्त्रीय नावातलं ‘लॅनियस’ म्हणजे लॅटिनमध्ये पुन्हा खाटीकच. ‘फिस्कल’ मात्र डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारी वकिलाचा हुद्दा. कोर्टकचेरीचा जाच तिथल्या लोकांनाही चांगलाच ठाऊक असावा!

रडणं थांबलं. उलट, आज तारेवर काय टांगलंय हे पाहिल्याशिवाय साहेब दुधाला तोंड लावेनात. सप्टेंबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, जोडी काड्या-गवत नेऊ लागली. तार अजून आहे.

मी परतले तेव्हा घरटं झालं होतं, पिल्लं पाहायची राहिली. परवा रात्री फोन आला. लेकीच्या हातातून रिसीव्हर ओढून घेत पोरगं ओरडलं, ‘‘अज्जी, खाटीक मरी बंतु!’’ मरी म्हणजे पिल्लू, हे तुम्हांला सांगायला नकोच. जावई मागून हसत होते. मी विचारलं, ‘‘येष्टु?’’

‘‘तीन!’’