बंदीच्या गाड्या

कळंबोलीला द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी एक पाटी आहे. या रस्त्यावर कुणी यायचं नाही त्याची. पादचारी, दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी. परवा वाचली आणि वाटलं, अख्खं गावच बाहेर ठेवलंय की!

२००२ साली पूर्ण खुला झालेला हा ९४.५ किलोमीटरचा रस्ता पुण्याला लवकर पोचवतो, तक्रार नाही. पण माझा जीव जुन्या रस्त्यात. तिथे टेम्पोमागे टेम्पो, मध्येच शाळा सुटलेली पोरं, आणि कडेला वडापाव.

आणि घाटात शिंग्रोबा. एसटी खोपोली सोडून चढणीला लागली की आजी कनवटीचं पाच पैशांचं चौकोनी नाणं काढून माझ्या मुठीत द्यायची. पहिल्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असायचं. देऊळ आलं की ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा कपाळाला, आणि सगळ्या खिडक्यांतून नाणी बाहेर. माझं ॲल्युमिनियमचं, पडल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. ते पोचलं का, याची काळजी मला लोणावळ्यापर्यंत पुरायची. “पोचतं रे,” आजी म्हणायची, आणि गोष्ट सुरू करायची. साहेबाला घाटातून वाट सापडेना. ती मेंढरांमागे हिंडणाऱ्या या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं, तर म्हणाला, आमचा मुलूख सोडा. मिळाली गोळी. कागदोपत्री एवढंच, की बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. मी आजीच्या बाजूचा. आता त्याच घाटातल्या नव्या रस्त्यावर मेंढरांना मज्जाव.

घाटाला पैसे मोजणं तसं जुनंच. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळातल्या जकातीचा म्हणतात. फास्टॅगपुढे मात्र कपाळाला हात लावताना कुणी दिसलं नाही. लावला तर वेगळ्या कारणाने.

खंडाळ्याजवळ थोडं अंतर दोन्ही रस्ते एक होतात. तेवढ्यात बघून घ्यावं: नवरा, बायको, टाकीवर पोरगं, मध्ये पिशवी अशी मोटरसायकल, आणि शेजारून लांबलचक कंटेनर. पाटीचं तिथे काही चालत नाही.

तुम्ही कुठल्याही रस्त्याने जा, पण उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा.