मनमाड ते अमृतसर : मुलांसंगे पाच नद्या

शेतकऱ्याच्या घरात सहलीची गोष्ट निघाली की उत्तर ठरलेले असते : "यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू." यंदा कांद्याला भाव नसतो, पुढच्या वर्षी विहिरीचे काम निघते, त्याच्या पुढे घरात लग्न. तोवर चौथीतला मुलगा दहावीला जातो आणि मुलगी सासरी. शेतीची कामे संपत नाहीत. मुलांचे लहानपण मात्र संपते. म्हणून वाचकहो, या वर्षी देवळ्याहून निघायचेच असे धरून आपण थोडा हिशेब मांडू.

पहिली गोष्ट, सगळा देश एका दमात पाहायला जाऊ नका. काशी, कन्याकुमारी, काश्मीर एकाच फेरीत कोंबले तर मुलांना फक्त बसच्या खिडक्या आठवतात. आपल्याला चांदवडमार्गे मनमाड जवळ आहे. तिथून जाणारी एकच रेल्वेची वाट धरा. नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडला थांबते आणि भुसावळ, भोपाळ, आग्रा, दिल्ली करीत अमृतसरला पोहोचते.

मुलांच्या हाती नकाशा द्या आणि नद्या मोजायला सांगा. लोहोणेरजवळून वाहणारी आपली गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. त्या तापीवरून गाडी भुसावळ सोडताच जाते. मग इटारसीच्या पुढे नर्मदा, धौलपूरच्या अलीकडे चंबळ आणि तिची मातीची खोल घळणे, लुधियाना ओलांडल्यावर सतलज, अमृतसरच्या आधी बियास. तापी, नर्मदेचे पाणी पश्चिमेच्या समुद्राला जाते, चंबळेचे यमुना-गंगेतून पूर्वेला, तर सतलज-बियासचे सिंधूच्या दिशेने. एखादा पूल रात्री लागेल. मुलांना हलकेच उठवा, पुलाचा आवाज तरी कानी पडू द्या. पुस्तकातला भूगोल असा ध्यानात राहतो.

या वाटेवर परकेपणा वाटणार नाही. आपले नामदेव महाराज सातशे वर्षांपूर्वी पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांचे स्थान आहे, आणि तिथेच २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अमृतसरहून घुमान एका दिवसात जाऊन-येऊन होते. उलट, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली आपल्या नांदेडला देह ठेवला. या गाडीच्या वाटेत काही स्टेशनांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगरचे जेवण वाढतात. पिशवीत ताट-वाटी असू द्या.

अमृतसरला तीन दिवस काढा. सुवर्णमंदिरात डोके झाकून जायचे असते; रुमाल, ओढणी जवळ ठेवा. तिथल्या लंगरात लहानथोर सगळे एका पंगतीला बसतात. मुलांना भांडी घासायच्या सेवेलाही उभे करा. शेजारीच जालियनवाला बाग आहे. १३ एप्रिल १९१९ चा गोळीबार तिथे समजावून सांगा. परतताना आग्र्याला एक दिवस उतरा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. सगळे मिळून आठ दिवस पुरतात.

कधी निघायचे? दिवाळीत हवा बरी, पण आपल्याकडे मका काढणी आणि उन्हाळ कांद्याच्या रोपाची घाई असते. शिवाय त्या सुमारास पंजाबात भाताचे काड जाळल्याचा धूर असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कांदा चाळीत पडलेला असतो आणि शाळाही बंद. मात्र तिकडे पारा चाळिशी ओलांडतो. सकाळ-संध्याकाळ फिरा, दुपारी सावलीत राहा, मुलांना ताक आणि मीठ-साखरेचे पाणी देत राहा. जवळच्या नात्यातल्या लग्नतिथी आधी पाहून घ्या.

गुरांसाठी सावड करा. यंदा शेजारी तुमची धार काढील, पुढच्या वर्षी तुम्ही त्याची काढा. पैशासाठी कर्ज काढू नका आणि "भाव आला तर जाऊ" असेही म्हणू नका. बाजार समितीत ट्रॉली विकली की दरवेळी थोडी रक्कम पोस्टात बाजूला टाका. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ घेतली तर पूर्ण भाडे, न घेतल्यास अर्धे पडते.

आणखी एक सांगणे. पहिल्या दिवसाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, पण स्टोव्ह आणि डब्यांचा संसार बरोबर नेऊ नका. नाहीतर सहल सर्वांची होते, घरच्या लक्ष्मीची तेवढी राहून जाते. वर्षभर चुलीपुढे आणि कांद्याच्या वाफ्यात राबणाऱ्या तिलाही खिडकीची जागा मिळाली पाहिजे.

आरक्षण साठ दिवस आधी उघडते. म्हणजे मेच्या सहलीचे तिकीट मार्चमध्येच काढावे लागते, कांदा अजून रानात असताना. भाव कळायच्या आधी घ्यावा लागणारा हा निर्णय आहे. एवढा धीर यंदा करा.