बियाला राखलेले फळ

धान्याच्या पिकात अन्न आणि बियाणे ही एकच वस्तू असते. ज्वारीच्या राशीतून निवडक कणसांचे पायलीभर दाणे बाजूला काढले की पुढच्या पेरणीची सोय होते आणि उरलेली रास घरात खायला मोकळी राहते. भाजीपाल्याचे तसे नाही. दोडका, काकडी, भेंडी, वांगे ही फळे माणूस त्यांच्या कोवळ्या वयातच तोडतो आणि त्या वयात त्यांच्या पोटातले बी पांढरे, मऊ, रुजण्याच्या ताकदीपासून फार दूर असते. ते पिकू द्यायचे, तर ऐन तोडणीच्या दिवशी फळ वेलीवरच सोडून द्यावे लागते आणि ते निबर होते आहे, पिवळे पडते आहे, खाण्याच्या कामातून गेले आहे, हे पाहत पुढे कित्येक आठवडे थांबावे लागते. त्यातही किडके, वाकडे, उरलेसुरले फळ राखून भागत नाही, कारण जसे फळ तसे बी. म्हणून वेलीवरचे सर्वांत देखणे, खाणाऱ्याच्या मनात सर्वांत आधी भरेल असे फळच न खाता ठेवावे लागते. एक फळ पिकायला सोडले की वेल आपली शक्ती त्याच्याकडे वळवते आणि नवी फळे कमी धरते, हा तोटा वेगळाच.

एकाच परिसरात अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या बी धरून टिकलेल्या वाणांना बोलीत गावरान किंवा गावठी म्हणतात. शास्त्रात त्यांना स्थानिक वाण म्हटले जाते, म्हणजे असा वनस्पतिसमूह की ज्यातील झाडे एका कुळातली म्हणून ओळखू येतात, परंतु हुबेहूब सारखी नसतात. याउलट संकरित वाण हा दोन शुद्ध वंशांचा मुद्दाम घडवून आणलेला संकर असतो. त्याची पहिली पिढी एकसारखी, जोमदार आणि भरघोस येते, मात्र तिचे बी धरून पेरल्यास दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात आणि एकाच वाफ्यात उंच, बुटकी, लवकर फळणारी, फळच न धरणारी अशी सगळी झाडे दिसू लागतात. यात कोणाचे कपट नाही. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून 1866 साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिकतेच्या नियमांचाच तो परिणाम आहे. या दोहोंच्या मध्ये सुधारित सरळ वाणांचा वर्ग येतो. ही वाणे संशोधनकेंद्रात घडलेली असली तरी त्यांचे बी घरी धरता येते. जुन्या भेंडीचे मळेच्या मळे केवडा रोगाने, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूने, पिवळे पडत असताना परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी उपयोगी पडली आणि तिला ही प्रतिकारशक्ती भेंडीच्या एका दूरच्या रानटी नातलगाकडून मिळाली होती. जुने ते सगळे सोने असा भाव या विषयात फार लवकर शिरतो, म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

गावरान म्हणजे मूळचे इथलेच, असेही नाही. मिरची, टोमॅटो आणि लाल भोपळा हे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले पाहुणे आहेत. मिरचीला हिंदुस्थानचा किनारा पोर्तुगिजांमुळे लाभला. तरीही गोव्याच्या काणकोण तालुक्यात खोला गावच्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची आज भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, म्हणजे त्या नावावर त्या भूमीचा हक्क कायद्याने मान्य झाला आहे. एखाद्या वाणाला गावरान करणारी गोष्ट त्याचे जन्मस्थान नसून दरवर्षी त्याचे कोणते फळ राखायचे हे ठरवणारा माणूस आहे, आणि तिखट किती, साल केवढी जाड, वाळल्यावर रंग टिकतो की नाही, हे प्रश्न शे-दोनशे वर्षे त्याच मातीत विचारले गेले की परदेशी रोपटेही तिथले होऊन जाते.

राखण्याचे हे काम किती बारकाईचे असते ते दोडक्यात नीट दिसते. दोडक्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात; नर फुले घोसाने, मादी फूल एकटे आणि पाकळ्यांच्या खाली बोटभर लांबीचा कोवळा दोडका घेऊनच जन्मलेले. ही पिवळी फुले दिवस कलताना उमलतात, तर त्याच्या सख्ख्या नात्यातल्या घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, आणि या वेळापत्रकामुळे दोन्ही वेली एका मांडवावर असल्या तरी त्यांची सरमिसळ काहीशी टळते. पूर्णपणे मात्र टळत नाही. दोन वेगळ्या जातींचे दोडके जवळजवळ असतील तर मधमाश्या आणि पतंग त्यांचे पराग सरसकट एकमेकांवर नेऊन टाकतात. त्यावर उपाय दोन. एक विलगीकरण अंतराचा, म्हणजे दोन जातींमध्ये निदान अर्धा ते एक किलोमीटर शिवार मोकळे ठेवण्याचा. तो लहान शेतकऱ्याला परवडत नाही. दुसरा हातपरागणाचा: दुसऱ्या दिवशी उमलणार असे वाटणाऱ्या मादी कळीचे आणि काही नर कळ्यांचे तोंड आदल्या दिवशीच दोऱ्याने हलकेच बांधायचे, वेळ झाली की दोरा सोडून नर फुलाचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर टेकवायचे, मादी फूल पुन्हा बांधायचे आणि देठाला खुणेची चिंधी लावायची. त्या चिंधीचे फळ वेलीवरच वाळू दिले की साल कागदासारखी कोरडी होते, आतल्या जाळीत बिया खुळखुळू लागतात आणि अखेरीस फळाच्या टोकाचे इवलेसे झाकण आपोआप सुटून खडबडीत काळ्या बिया खाली सांडतात. झाकण सुटण्याच्या आत फळ काढणे हेच राखणाऱ्याचे कौशल्य.

दुधी भोपळ्याच्या बाबतीत हीच सरमिसळ गंभीर ठरू शकते. मिरजेत तंबोऱ्यासाठी आणि सतारीसाठी जे मोठे भोपळे लागतात, ते पंढरपूरकडच्या शेतांतून येतात; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आणि भाजीचा दुधी एकाच जातीचे आहेत, मात्र ते कडू असतात आणि त्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या चवीसाठी नव्हे तर आकारासाठी, जाड टणक सालीसाठी आणि आतल्या पोकळीसाठी होत आली आहे. कडू वेलीचा पराग गोड दुधीच्या फुलावर पडला तर त्या वर्षीचे फळ गोडच राहते, कारण फळाचा गर आईचा असतो. संकर झालेला असतो तो आतल्या बियांत, आणि कडूपणा पुढल्या हंगामात उतरू शकतो. अतिकडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून बियाला राखलेल्या वेलीचे एक फळ आधी चाखून पाहणे हा शिष्टाचार नसून सुरक्षेचा नियम आहे. एकाच वनस्पतीने एका घराला भाजी आणि दुसऱ्या घराला षड्ज पुरवावा, ही किमया मात्र केवळ बी निवडणाऱ्या हातांची.

वांगे बरेचसे स्वतःच्याच परागाने फळते, तरी त्याचा काही वाटा परक्या परागाचा असतो आणि तो आणणारा भुंगा पाहण्यासारखा असतो. वांग्याच्या जांभळ्या फुलात मध नसतो, आणि पराग पिवळ्या नळीसारख्या परागकोशांत बंद असतो. नळीच्या टोकाला फक्त बारीक छिद्र. भुंगा फुलाला खाली लोंबकळतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि त्या गुंजारवाच्या कंपनाने पराग छिद्रातून धुरळ्यासारखा त्याच्या पोटावर झडतो. पाळीव मधमाशीला ही विद्या येत नाही. खानदेशातले भरताचे फिकट हिरवे वांगे, कृष्णाकाठचे काटेरी वांगे, घरोघरच्या परसातली पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची वांगी, हा सगळा पसारा या देशात इतका दाट आहे की 9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली, तेव्हा हे वैविध्य जपण्याचा मुद्दाही त्या निर्णयामागे होता. वांग्याचे बी धरायचे तर फळ झाडावरच पिवळट-तपकिरी होऊ द्यायचे, कुस्करून पाण्यात घालायचे, वर तरंगणारे पोचट बी ओतून द्यायचे आणि तळाशी बसलेले सावलीत वाळवायचे. टोमॅटोचा गर मात्र एक-दोन दिवस आंबवावा लागतो, कारण प्रत्येक बीभोवती असणारे बुळबुळीत आवरण रुजवण रोखून धरते.

कर्टुल्याची गोष्ट निराळीच. त्याच्या नर वेली वेगळ्या आणि मादी वेली वेगळ्या. बियांपासून वाढवलेली वेल कोणती निघेल हे फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून जाणते लोक बियांपेक्षा जमिनीतला कंदच राखतात.

वालवर्गीय शेंगांमध्ये खाण्याचा आणि राखण्याचा झगडा सर्वांत सौम्य असतो, कारण वाल हिरवा खाता येतो आणि वाळलेलाही. कदाचित म्हणूनच घेवडा, वाल, पावटा यांचे जेवढे रंगरूप सह्याद्रीच्या कुशीत टिकले तेवढे इतर भाज्यांचे टिकले नाही. या जुन्या वालांचा स्वभाव असा की दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ते फुलत नाहीत. आषाढात पेरा की श्रावणात, फुलांचा तुरा दसरा-दिवाळीच्या सुमारासच वर येतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेचे तोंड न पाहता, असे घेवडे, वाल, रानभाज्या आणि भाताची वाणे आपल्या मातीच्या घरात जमवली, बाएफ या संस्थेच्या साहाय्याने परिसरातल्या बायकांना त्या कामात जोडून घेतले, आणि 2020 सालच्या पद्मश्री सन्मानाच्या यादीत त्यांचे नाव आले. 'बीजमाता' हे त्यांचे बिरुद आता सर्वांना ठाऊक आहे; त्यामागे असलेले, वर्षानुवर्षे शेंगा निवडण्याचे, वाळवण्याचे, पाखडण्याचे बायकांचे बिनबोभाट काम तेवढे ठाऊक नाही.

बी टिकते कशावर, याचे उत्तर थोडक्यात कोरडेपणा आणि थंडावा. बियांतील ओलावा एका टक्क्याने उतरला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तरीही तेवढेच वाढते, असा हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम आहे. मडक्यात चाळलेली लाकडी राख आणि वाल यांचे थर देऊन तोंड शेणमातीने लिंपणारी आजीबाई यातले पहिले कलम नकळत पाळत असते: राख ओलावा शोषते, दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि कडधान्याच्या भुंगेऱ्याला दाण्यावर अंडी चिकटवायला जागा ठेवत नाही. दुसरे कलम मोठ्या संस्था पाळतात. 1976 साली स्थापन झालेल्या, दिल्लीत मुख्यालय आणि अकोल्यात प्रादेशिक केंद्र असलेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची जनुकपेढी काय किंवा नॉर्वेतील स्वालबार्डची 2008 मध्ये उघडलेली भूमिगत बीजकोठी काय, तिथे बी उणे 18 अंशांत झोपवलेले असते. अशा पेढ्या हव्यातच. पण झोपलेल्या बियाला त्यानंतर पडलेले दुष्काळ, लांबलेले पाऊस आणि नवे रोग ठाऊक नसतात. दरवर्षी मातीत पडणारे बी ते सोसून, त्यातून तगलेल्या झाडांकडूनच पुढे जाते. शिवाय कोणते फळ राखायचे याची जाण पाकिटात भरून ठेवता येत नाही, आणि ती गेली की उरलेले बी म्हणजे नावाची चिठ्ठी लावलेला नमुना.

कायद्याची आडकाठी येथे फारशी नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, 2001 याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. आडकाठी आहे ती बाजाराची, जिथे एका मापाचा, एका रंगाचा, चार दिवस न सुकणारा माल मागितला जातो, आणि त्याहून अधिक स्वयंपाकघराची, जिथे कडवट वाल सोलायला आणि काटेरी वांगे चिरायला सवड उरलेली नाही. जे खाल्ले जात नाही त्याचे बी कोणीही धरत नाही. वाणे वाचवण्याच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी शेवटी येतो, तो पहिला यायला हवा.

तेव्हा ज्याच्या परसात, बांधावर किंवा गच्चीत गावरान वेल आहे, त्याने हंगाम संपताना उरलेल्या फळावर समाधान मानू नये; दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याच्या वेळी, निरोगी आणि चवीच्या चार-सहा वेलींवर प्रत्येकी एका उत्तम फळाला चिंधी बांधावी, ते न तोडण्याची ताकीद घरात सर्वांना द्यावी, आणि बी वाळले की पुडीवर वाणाचे नाव, गाव आणि वर्ष लिहून त्यातले निम्मे दुसऱ्या घरी देऊन टाकावे.