बाळंतिणीच्या उशाशी

पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध पाहिलं तर ते दूध वाटतच नाही. पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारं आणि एका वेळेला जेमतेम चमचाभर. हा चीक. गाईम्हशीचा चीक घरात आला की आपण गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस करतो, शेजारी वाटीवाटीनं पाठवतो. बाईचा चीक मात्र कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पिळून टाकला गेला. तो जड असतो, बाळाला बाधतो, खरं दूध उतरेपर्यंत थांबावं, असं म्हणत मध चाटवला गेला, गुळाचं पाणी पाजलं गेलं. ज्या बायकांनी हे केलं त्या मायेनंच वागत होत्या. पण पहिल्या दिवशी तान्ह्याच्या पोटात चमचाभरच मावतं, आणि त्या चमचाभरात आजाराशी झुंजणारी जी द्रव्यं असतात ती वरच्या कुठल्याच दुधात नसतात. मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नाही. त्यातल्या जंतूंमुळे एवढ्याशा जिवाला विषबाधा होऊ शकते.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरांपैकी जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यातली होती. पण पहिल्या तासात आईच्या अंगावर प्यालेली मुलं शंभरात ४२च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझा जीव कळवळतो. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, स्वच्छ खाट आहे, आणि तरी निम्म्याहून अधिक बाळं त्या तासात आईच्या छातीशी पोचत नाहीत. जन्मलेलं बाळ पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवलं आणि वर उबेला कापड घातलं, तर ते वासाचा माग काढत, पायांनी रेटत, मध्येच दमून थांबत स्वतःच वर सरकतं. लेकीच्या वेळी मी ते उभी राहून पाहिलं. सिझेरियन झालेल्या आईच्या छातीशीही, ती शुद्धीवर असेल तर, कुणीतरी बाळ धरू शकतं. त्यासाठी एक मोकळा माणूस लागतो, आणि नेमका तोच वॉर्डात नसतो.

बाळाला चोखणं उपजत येतं. पाजणं आईला शिकावं लागतं. माझ्या लेकीला बाळ जवळ आणलं की ती पायाची बोटं आवळून घ्यायची. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. घरातली प्रत्येक बाई सांगत होती, ‘सगळ्यांनाच होतं, सोसायचं.’ मग रात्रपाळीच्या एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी आधी लेकीच्या पाठीमागे उशी सारली, पायाखाली स्टूल दिलं आणि म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही वाकू नका. त्याला वर आणा.’ बाळाचं पोट आईच्या पोटाला, मान आणि कंबर एका रेषेत. जांभई दिल्यागत तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग चटकन जवळ घ्यायचं, म्हणजे नुसतं टोक नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात जातो. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर उमललेला. असं लागलं की दुखणं ओसरतं. न ओसरलं, तर करंगळी हलकेच बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवावं आणि पुन्हा लावावं. चिरांवर त्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्यावा. हे सगळं दहा मिनिटांत शिकवून झालं. पुढचे कित्येक महिने त्या दहा मिनिटांवर निभावले, आणि किती आया ती दहा मिनिटं न मिळाल्यामुळेच थांबल्या असतील, असं मला वाटत राहतं.

मग दूध उतरतं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान छाती दाटते, तटतटते, ब्लाउज ओला होतो, कधी अंगात कणकणही येते. बाळाला वरचेवर घेणं हाच त्यावरचा मोठा उपाय. पाजण्याआधी कोमट फडक्यानं शेक, पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी. एखाद्या जागी लाल होऊन ठणका लागला आणि थंडी वाजून ताप भरला तर डॉक्टरांकडे जायचं, आणि त्या बाजूचं पाजणं बंद करायचं नाही. जोरजोरात रगडून गाठ फोडायला जाणाऱ्या हातांना प्रेमानं पण ठामपणे थांबवावं.

बाळंतिणीला सगळ्यात जास्त काय छळत असेल तर तो एक प्रश्न: ‘दूध पुरतंय ना गं?’ पाहायला येणारी विचारते, फोनवर चुलत सासू विचारते, बाळ रडलं की घर तिच्याकडे बघतं. संध्याकाळी तान्ही बाळं तशीही किरकिर करतात, तासा-दोन तासांत तीन-चार वेळा अंगावर मागतात. त्यांच्या वाढीचा तो रिवाज आहे. पण दिवेलागणीला, दमलेल्या आईच्या मांडीवर ते रडत असताना कुणीतरी म्हणतं, ‘उपाशी आहे बिचारं, एक बाटली वरचं दूध द्या.’ बाळ ते पितं, पोट जड होऊन झोपतं, आणि आईला वाटतं, खरंच, माझं कमीच पडत होतं. स्तनातलं दूध विहिरीच्या पाण्यासारखं असतं: उपसा होत राहिला तर झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की आटतात. बाटलीमुळे बाळाचं एक चोखणं चुकलं की पुढच्या खेपेला तेवढं कमी बनतं, मग दुसरी बाटली लागते. अशी चार-सहा आठवड्यांत आटलेली माया मी आप्तांच्या घरांत पाहिली आहे. तिथे बाईत काही उणं नव्हतं.

पुरतंय की नाही हे कळायला सोप्या खुणा आहेत. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा-आठ वेळा शू, पिताना गिळल्याचा आवाज, आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वेळचं वजन परत भरून येणं. सुरुवातीला थोडं वजन घटतं, ते घटू द्यावं. माझी आई दोरीवरचे लंगोट बघून सांगायची, पोट भरतंय की नाही ते. आता डायपरमुळे ती मोजणी राहून जाते. निदान पहिले काही आठवडे दिवसा तरी लंगोट वापरावेत, असं मी लेकीला आग्रहानं सांगितलं. वजन वाढत नसेल, बाळ सुस्त असेल, शू कमी असेल, तर मात्र धीर देत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही, हे ऐकून आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना धक्का बसतो. वैशाखात घसा सुकेल त्याचा! पण अंगावरच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. पाणी आईनं प्यावं. आणि इथेच आपल्याकडे उलटं होतं: बाळंतिणीला पाणी कमी, ताक नको, फळं नकोत, भात-तूप आणि एखादी ठरावीक भाजी. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तिला पोटभर वरण-भात, भाकरी, पालेभाजी, डाळी, दूध-दही, चालत असेल तर अंडं-मासळी, सगळं द्यावं.

अळीव, डिंक, मेथी यांबद्दल मला नितांत आदर आहे, पण तो वेगळ्या कारणानं. दूध वाढतं ते चोखण्यानं. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात खोबरं-खारीक-तूप आहे, आणि बाळंतपणानं रितं झालेलं शरीर त्यानं भरून येतं. शिवाय लाडू वळायला कुणीतरी पहाटे उठलेलं असतं. माझ्या बाळंतपणात सासूबाई फारशा बोलल्या नाहीत, पण रात्री मी पाजायला उठले की उशाशी पाण्याचा तांब्या आणि वाटीत एक लाडू झाकलेला असायचा. तो तिथे ठेवलेला आहे, हे ठाऊक असल्यानं रात्र सोपी जायची. मन घट्ट झालं, भीती वाटली, कुणी टोचून बोललं की पान्हा अडतो. निवांत बसायला मिळालं, बाळाच्या जावळाचा वास आला की तो आपसूक सुटतो. शरीराच्या आत जे स्रवतं त्यावर घरातल्या बोलण्याचा असा थेट परिणाम होतो, हे घरातल्यांनी एकदा मनावर घ्यायला हवं.

म्हणून बाळ पाहायला जाल तेव्हा झबलं-टोपडं न्याच, पण एका वेळचा डबाही न्या. बाळ मागून घेऊ नका. भांडी पडली असतील तर विसळा. थोरलं भावंड असेल तर त्याला तासभर बागेत न्या. आमचे जावई ढेकर काढायला शिकले, रात्रीचे लंगोट बदलायला शिकले, आणि पाजून झालं की बाळ खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरायला लागले. त्या अर्ध्या तासात लेक झोपायची. तिला पहिले काही दिवस कारण नसताना रडू यायचं. तसं बहुतेकींना येतं. दोन आठवडे उलटून गेले तरी ते थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ते घेताना पाजणं बहुतेक वेळा चालू ठेवता येतं.

नोकरीचा दिवस उगवतोच. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६वर गेली, पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आली. लेकीनं रजा संपण्याआधीच दूध काढून ठेवायची सवय केली. स्वच्छ हात, उकळलेली स्टीलची डबी. खोलीत चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी, मग फ्रिज. मी ते कोमट पाण्यात डबी धरून वाटी-चमच्यानं पाजायची. बाळाला बाटलीची चटक लागली नाही. पण दुपारी ऑफिसात दूध काढायला बसायचं कुठे? कुठल्याशा स्टोअररूममध्ये, दाराला पाठ लावून. आपल्याकडे एसटी स्टँडवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष झाले, ही चांगली गोष्ट. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण. तिचं नाव देताना आपण तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं कबूल केलं आहे. २०२२च्या डिसेंबरात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनालाही त्या खोलीची आठवण झाली.

आणि जिथे ना स्टँड, ना ऑफिस? दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या बैलगाड्या, ट्रक निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात जायचं, बाळ कोपीत थोरल्या बहिणीजवळ, नाहीतर बांधावर साडीच्या झोळीत. एक दिवस बसलं तर खाडा पडतो. त्या बाईला २६ आठवडे कुणी दिलेले नाहीत. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात, तेही कागद जुळले तर. ती मोळी टाकून बांधावर येते, घामेजलेल्या हातांनी बाळ घेते आणि मुकादमाची हाक यायच्या आत पाजून उठते. सल्ला द्यायचा तर मला तिच्यापुढे तोंड नाही. तिला सावलीची जागा हवी, हात धुवायला पाणी हवं आणि खाडा न पडता मिळणारा अर्धा तास हवा.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांना जास्त दूध येतं त्या आया देतात. ते साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, अपुऱ्या दिवसांच्या, ओंजळीत मावणाऱ्या बाळांना दिलं जातं. महापालिकेच्या त्या रुग्णालयात येणाऱ्या बायका काही सुखवस्तू नसतात. कुणाचं बाळ कुणाच्या दुधावर तगलं हे त्यांना कधी कळत नाही, तरी त्या देतात.

काहींना सगळं करूनही दूध येत नाही. कुणाला एखादं औषध घ्यावं लागतं, कुणाची शस्त्रक्रिया झालेली असते, कुणी बाळ दत्तक घेतलेलं असतं. डॉक्टरांना विचारून, पाणी उकळून, माप सांभाळून वरचं दूध पाजणाऱ्या आईला ‘अंगावर नाही पाजलंस?’ असं विचारणं क्रूरपणाचं आहे. तिनंही बाळाला उघड्या छातीशी धरून पाजावं.

दूध तोडायचं ते सावकाश. सहा महिन्यांनंतर मऊ भात, नाचणीची पेज, वरणाची निवळी सुरू होते, आणि दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे अंगावर चालू शकतं. कडुनिंब, कोरफड लावून एका दिवसात तोडलेली मुलं मी पाहिली आहेत. आई छाती दाटून कळवळते आणि मूल गोंधळून जातं. आधी दुपारचं बंद करावं, मग संध्याकाळचं, झोपेचं सगळ्यात शेवटी. दुसरं बाळ आलं की थोरलं कधीतरी ‘मला पण’ म्हणत जवळ येतं. येऊ द्यावं. बहुतेकदा चोखायचं कसं हेच ते विसरलेलं असतं. थोडा वेळ तोंड लावून पाहतं आणि उठून खेळायला पळतं.