सव्वा महिन्यानंतरची आई

बारसे होईपर्यंत बाळाला स्वतःचे नाव नसते. प्रसूतिगृहात त्याच्या मनगटावर जी पट्टी बांधतात, तिच्यावर आईचे नाव लिहिलेले असते. 'अमुक हिचे बाळ' एवढीच त्या जिवाची जगातली पहिली ओळख. पुढे आत्या कानात नाव सांगते, पेढे वाटले जातात आणि त्या दिवसापासून ही रीत उलटते. आता आईच बाळाच्या नावाने ओळखली जाऊ लागते. शेजारणी, बालरोगतज्ज्ञांकडील परिचारिका, नात्यातील वडीलधाऱ्या स्त्रिया, सगळ्यांच्या तोंडी ती 'अमक्याची मम्मी' होते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, उलट कौतुकच असते. परंतु व्यापारी घरांतील पुष्कळ मुलींच्या बाबतीत हा नावाचा दुसरा किंवा तिसरा बदल असतो. लग्नात आडनाव बदललेले असते, काही घरांत पाळण्यातले नावही बदललेले असते. सासरी कोणी 'बिंदणी' म्हणते, कोणी 'भाभी'. या सगळ्यांतून तिने नुकतीच कोठे आपली म्हणून एक जागा केलेली असते, तेवढ्यात बाळ येते.

कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या मातेची तीन नावे नोंदवली आहेत : त्रिशला, विदेहदिन्ना आणि प्रियकारिणी. तीर्थंकरांची माता ही तिची सर्वांत मोठी ओळख खरी. तरीही तिची स्वतःची नावे आणि गोत्र सांगण्याचे ग्रंथकर्त्याला अगत्य वाटले. अलीकडे महाराष्ट्र शासनानेही १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आधी बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवून दिला. कागदावर आई आली, हे उत्तमच झाले. घरात ती कोठे आहे, हा प्रश्न मात्र कागदाने सुटणारा नाही.

बाळंतिणीची काळजी घेण्यात ही घरे कमी पडतात, असे कोणी म्हणू शकणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी. गोंदाचे लाडू, सुंठ-गुळाची राब, ओवा, बाळंतशेपा, खसखस आणि सढळ हाताने तूप. लसूण नाही, ओले आले नाही; पण सुंठ चालते, मेथी चालते, आणि तेवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणी उभ्या राहिल्या. सकाळी मालीश, मग गरम पाण्याचे न्हाणे, मग शेक. सुतकाचे नियम ज्या त्या परंपरेप्रमाणे कमी-अधिक दिवस पाळले जातात. आजच्या पिढीला त्यांतले काही खटकतात, आणि त्याविषयी मतभेद असू शकतात. पण एक काम त्या नियमांनी चोख केले : बाळंतिणीला स्वयंपाकघरापासून दूर ठेवले. गर्भाशय पूर्वस्थितीत येण्यास साधारण सहा आठवडे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. आजीबाईंचा सव्वा महिना त्याच्या अगदी जवळ जातो.

अडचण त्याच्या पुढे आहे. सव्वा महिना संपला की जणू खाते बंद व्हावे तशी ही सारी व्यवस्था एका दिवसात थांबते. मालीशवाल्या बाई येईनाशा होतात, लाडवांचा डबा रिकामा होतो, मुलगी बाळाला घेऊन सासरी परतते. सरकारी कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बहुधा माहेरच्या कपाटातच राहून जातात. शरीराचे काम मात्र कोठे थांबलेले असते? बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावयाचे, आणि त्यासाठी आईला रोजच्या आहाराखेरीज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते. दर वेळी अर्धा तास धरला, तरी चार ते सहा तास केवळ पाजण्यात जातात. पेढीवर बसणाऱ्या माणसाला सहा तासांचे काम जड नाही. तेच काम रात्रंदिवस बारा तुकड्यांनी करावे लागले, तर आठवड्याच्या आत तो अंथरूण धरील.

यातही जैन घरातील संध्याकाळ निराळी असते. सूर्यास्तापूर्वी सगळ्यांची जेवणे उरकायची म्हणून पाचच्या सुमारास स्वयंपाकघरात धांदल उडते. दुकानावरून पुरुषमंडळी घाईने येतात, ताटे वाढली जातात. नेमक्या याच वेळी सहा-आठ आठवड्यांची बाळे अकारण रडतात. संध्याकाळची ही किरकिर त्या वयात सर्वांत जास्त असते. मग होते असे की, सून बाळाला खांद्यावर घेऊन आतल्या खोलीत येरझाऱ्या घालते, घर जेवते आणि दिवस मावळतो. तिचे चौविहार असेल तर आता अन्नही नाही आणि पाणीही नाही. डिसेंबरात महाराष्ट्रातील रात्र सुमारे तेरा तासांची असते; सकाळी नवकारशी पाळावयाची तर सूर्योदयानंतर आणखी ४८ मिनिटे. जवळजवळ चौदा तास. त्या चौदा तासांत ती चार-पाच वेळा बाळाला पाजते. पाजावयास बसले की आईचा घसा कोरडा पडतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे, आणि तिच्या सासूलाही ते एके काळी ठाऊक होते.

बहुतेक घरांत तिला कोणी उपाशी राहा म्हणून सांगत नाही. 'तुझ्याने होत नसेल तर सोड' असेही म्हणतात. पण हा निर्णय तिच्यावर सोपवणे म्हणजे तिला पेचात टाकणे होय. लहानपणापासून जो नियम पाळला, तो बाळ झाल्यावर आपल्याकडून सुटला, ही रुखरुख तिला लागते. श्राविका म्हणून असलेली स्वतःची ओळखही गेली, असे तिला वाटते. निर्णय वडीलधाऱ्यांनी उचलून घ्यावा, हे बरे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत. समाधी टिकावी म्हणून ठेवलेला आगार त्यांत आहे. पाण्याची मोकळीक ठेवणारा तिविहार आहे. तत्त्वार्थसूत्रातील सोळा कारणभावनांमध्ये त्याग आणि तप यांना 'शक्तीनुसार' हे विशेषण जोडलेले आहे. सासूबाईंनी सुनेला सोबत घेऊन साध्वीजींना एकदा विचारावे, त्या सांगतील ते सर्वांसमक्ष ठरवावे, म्हणजे तिच्या मनावर ओझे राहत नाही. आणि त्याहून सोपी गोष्ट म्हणजे साडेचारला पहिले ताट तिला वाढावे. घरातील कर्त्या पुरुषाच्या आधी सून जेवली म्हणून मर्यादा मोडत नाही.

मनाचे दुखणे ओळखणे याहून अवघड. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बहुसंख्य स्त्रियांना कारण नसताना रडू येते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप थांबते. ते थांबले नाही तर मात्र गोष्ट वेगळी. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. म्हणजे पाच मातांमागे एक. बाळ निजले असतानाही झोप न येणे, आवडीच्या गोष्टींत रस न वाटणे, आपण आई व्हायला लायकच नाही असे वाटणे, जीव नकोसा होणे, ही त्याची लक्षणे. १९८७ साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत अवघे दहा प्रश्न आहेत, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराविषयी आहे. प्रश्न विचारल्याने तो विचार मनात येत नाही. आधीच आलेला असेल तर बोलण्याची वाट मिळते.

समृद्ध घरांत हे लपवण्याकडे कल असतो. नणंदेचे लग्न व्हायचे आहे, समाजात बोलवा होईल, औषध घेतले तर बाळाचे दूध तुटेल, अशी कारणे पुढे येतात. शेवटचे कारण बरोबर नाही. अंगावर पाजणाऱ्या मातांना देता येतील अशी औषधे आहेत आणि कोणते द्यावे हे डॉक्टर ठरवतात. ज्यांना प्रथम कोणाशी तरी नाव न सांगता बोलावेसे वाटते, त्यांच्यासाठी शासनाची टेलिमानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. आणि 'सगळे तर आहे, मग रडतेस कशाला?' हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर तिच्याजवळ असते तर ती रडली नसती.

स्वतःची काळजी घेणे या शब्दांनी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ब्यूटी पार्लर आणि बाहेरचे खाणे उभे राहते आणि ते नाक मुरडतात. तिला काय हवे असते ते खरे तर फार थोडे आहे : सलग चार-पाच तासांची झोप, सावकाश केलेले स्नान, आणि दिवसातून थोडा वेळ असा की ज्यात तिला कोणी हाक मारणार नाही. पहिल्यासाठी पतीने उठावे. पाजणे त्याला शक्य नाही. परंतु पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटून निजवणे ही कामे त्याला येऊ शकतात. दुकान दहाला उघडते, बाळ दोनला उठते. मधे झोपेला पुरेसा वेळ आहे.

राहिला तो हाक न मारण्याचा वेळ. त्याची रीत या घरांत फार जुनी आहे. आजी कटासणे अंथरून, मुहपत्ती घेऊन सामायिकाला बसल्या की दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, त्यांना कोणी बोलवत नाही. गिऱ्हाईक येवो, पाहुणा येवो, 'आजी सामायिकात आहेत' एवढे सांगितले की विषय संपतो. हाच मान तान्ह्या बाळाच्या आईच्या ४८ मिनिटांना दिला, तर नवे काही शिकावे लागणार नाही. त्या वेळात तिने सामायिक करावे, केस धुवावेत, मैत्रिणीशी बोलावे किंवा नुसते पडून राहावे. त्याचा हिशेब मागू नये.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला निदान कायद्याचा आधार आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. रजा संपली की तिला आपल्या जागेवर परतता येते. घरच्या पेढीवर काम करणाऱ्या सुनेची गोष्ट निराळी. तिचा पगार नाही, म्हणून रजा नाही, आणि रजा नाही म्हणून परतणेही नाही. 'आता तू बाळाकडे बघ, पेढीचे आम्ही बघतो' हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते, आणि तेवढ्यावर तिची तीन-चार वर्षांची मेहनत संपते.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी खाली कापडाचे दुकान आणि वर घर असलेल्या कुटुंबात असेच झाले. सून वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नानंतर तीन वर्षे खरेदीची बिले, बँकेचा ताळमेळ आणि दर महिन्याच्या २० तारखेचे जीएसटीचे विवरणपत्र तीच पाहत असे. बाळंतपणाला गेली तेव्हा एका अर्धवेळ लेखनिकाची सोय करण्यात आली आणि पोर्टलवरील तिचा मोबाइल क्रमांक बदलून पतीचा टाकण्यात आला. पाचव्या महिन्यात ती एकदा खाली उतरली, तर तिच्या टेबलावर साड्यांचे खोके रचलेले होते. तिला कोणी येऊ नको म्हटले नव्हते. बसायला जागा नव्हती इतकेच. ती काही न बोलता वर गेली.

सासूबाईंनी ते जिन्यातून पाहिले होते. त्या रात्री त्यांनी मुलाला एवढेच सांगितले की, उद्यापासून दुपारी दोन ते चार बाळ माझ्याजवळ राहील आणि ही खाली बसेल. पहिले आठ-दहा दिवस सुनेने नवे काहीच केले नाही; लेखनिकाने केलेल्या नोंदी बिलांशी ताडून पाहिल्या. सुरतेच्या एका व्यापाऱ्याचे बिल दोन वेळा धरले गेले होते, ते तिने सासऱ्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नोंदी पाहिल्या आणि 'हूं' म्हटले. महिनाअखेरीस खोके गोदामात गेले, आणि विवरणपत्राचा ओटीपी पुन्हा तिच्या फोनवर येऊ लागला.