अम्मींच्या हाती कालव्याचा नकाशा

प्रवासाला निघायचं म्हटलं की आमच्या अम्मी दोन गोष्टी न चुकता करतात. आदल्या रात्री सगळ्यांचे डबे भरून ठेवतात आणि निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणं बंद करतात.

ही सवय जुनी आहे. वडील मुंबईला नोकरीला होते. अम्मी आम्हा लेकरांना घेऊन खेडहून एसटीने मुंबईला जायच्या. ओठ सुकून जायचे, पण बाटलीला हात लावायच्या नाहीत. “मध्ये उतरायला मिळेल न मिळेल, आणि मिळालं तरी तिथे जागा असेल का, कुणाला ठाऊक?” असं म्हणून पाणी आमच्यापुढे करायच्या. पुढे मुतखड्याचा त्रास झाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. घरी त्या पितात, पण प्रवासात आजही नाही.

अशा अम्मींना घेऊन आम्ही विलायतेतल्या एका कालव्यावर तीन रात्री बोटीत राहून आलो, त्याची ही हकीकत.

कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबं इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. आमच्या आपा आणि दुल्हाभाई त्यांतलेच, बर्मिंगहॅमला राहतात. मेच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको अम्मींना घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. भाच्याने आधीच बेत ठरवला होता. शहराच्या दक्षिणेला अल्वचर्च नावाचं गाव आहे, तिथून भाड्याने बोट घ्यायची आणि पाण्यावरून बर्मिंगहॅमच्या मध्यभागी जाऊन परत यायचं.

आम्ही खाडीकाठची माणसं. बोट म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट, भरती-ओहोटी आणि वारा येतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. कालवा म्हणजे माणसाने खणलेली, गल्लीएवढी पाण्याची वाट. ह्या कालव्याचं नाव वूस्टर अँड बर्मिंगहॅम कॅनॉल. लांबी सुमारे 48 किलोमीटर, आणि तो पूर्ण झाला 1815 साली. रेल्वे येण्याआधी कोळसा आणि इतर माल ह्याच वाटेने जायचा. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. ती घोड्याची पायवाट आजही शाबूत आहे. आता तिच्यावरून लोक फिरायला जातात आणि मुलं सायकली चालवतात.

बोटही कालव्याच्या मापाची. रुंदी जेमतेम सात फूट, पण लांबी एसटीच्या गाडीपेक्षाही जास्त. आत स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणीघर, संडास, सगळं एका ओळीत. वेगाची कमाल मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. काठावरून झपाझप चालणारा माणूस आपल्या पुढे निघून जातो. रस्त्यावर तिथेही आपल्यासारखीच डावी बाजू, पण कालव्यावर समोरून बोट आली तर उजवीकडे सरकायचं.

निघण्याच्या आठवडाभर आधी भाच्याने फोनवर एक मार्गदर्शिका उतरवून घेतली होती. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 3,200 किलोमीटरचे कालवे आणि नद्या ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था सांभाळते. 2012 पर्यंत हे काम सरकारी ‘ब्रिटिश वॉटरवेज’कडे होतं, आता ते ह्या धर्मादाय संस्थेकडे आहे. बोटवाल्यांसाठी ती कालव्यांच्या मार्गदर्शिका तयार करते. फोनवर किंवा संगणकावर उतरवून घ्यायच्या, हवं तर छापायच्या, पैसे पडत नाहीत. वाटेत फोनला रेंज नसली तरी अडत नाही.

भाच्याने छापून आणलेली पानं आम्ही शिक्षकी सवयीने वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात निसर्गाचं वर्णन नव्हतं. कालव्याची निळी रेघ, तिच्यावर पुलांचे क्रमांक, लॉक, बोगदे आणि छोटी छोटी चिन्हं होती. नळाचं चिन्ह म्हणजे पिण्याचं पाणी. त्याशिवाय कचरा टाकायची जागा, संडासाची टाकी रिकामी करायची जागा, अंघोळीची सोय, रात्री बोट बांधायची जागा, आणि बोट वळवायची जागा. ही शेवटची फार महत्त्वाची. साठ फुटांची बोट तेवढ्याच किंवा त्याहून अरुंद कालव्यात वाटेल तिथे वळत नाही. त्यासाठी ठराविक ठिकाणी काठ आत खणून रुंद केलेला असतो. ती जागा चुकली तर पुढच्या जागेपर्यंत कित्येक मैल जावं लागतं.

लॉक म्हणजे पाण्याची पायरी. चढ आला की बोट दोन दारांमधल्या हौदात घ्यायची, पाणी भरून वर उचलायची आणि पुढचं दार उघडायचं. ती दारं आपल्याच हातांनी ढकलायची असतात. अल्वचर्चहून दक्षिणेला गेलं की टार्डबिग लागतं. तिथे एकामागोमाग 30 लॉक आहेत, ब्रिटनमधली ही सर्वांत लांब रांग. उत्तरेला बर्मिंगहॅमपर्यंत मात्र एकही लॉक नाही. बोटवाल्यांचा साधा हिशेब असा, की ताशी तीन मैल धरायचे आणि प्रत्येक लॉक म्हणजे आणखी एक मैल. अम्मींचे गुडघे आणि आमची अननुभवी मनगटं बघून आम्ही घरी बसूनच उत्तरेची वाट पक्की केली. अंतर सुमारे अकरा मैल, म्हणजे चार तासांचं काम.

बोट ताब्यात देताना तिथल्या माणसाने टाकी पाण्याने भरून दिली आणि एक किल्ली दिली. कालव्याच्या काठी असलेल्या ट्रस्टच्या संडास-अंघोळीच्या खोल्या ह्या एकाच किल्लीने उघडतात. मग त्याने बजावलं, “कालव्याचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका, हात लागला तर साबणाने धुवा.” उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या एका रोगाचं नाव त्याने घेतलं. भाच्याने उलगडून सांगितलं तेव्हा अम्मी लगेच म्हणाल्या, “अरे, हा तर आपला लेप्टो!” पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या कोकणच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

म्हणजे चहूकडे पाणीच पाणी, तरी वुजू करायचा तो टाकीच्याच पाण्याने. वाहत्या नदीच्या काठी बसूनही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. बोटीवर तिचा अर्थ समजला. सहा माणसं, एक टाकी आणि पुढचा नळ कुठे ते कागदावर. पहिल्याच संध्याकाळी दुल्हाभाईंनी वुजूसाठी एक लहान तांब्या ठरवून दिला.

त्या रात्री हॉपवुड गावाजवळ बोट बांधली. घरी नमाजसाठी आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे किब्ला आग्नेयेला येतो. भाच्याने फोनवर दिशा पाहिली आणि बोट बांधलेली असताना काठावरच्या गवतात चटई टाकून आम्ही नमाज पढलो. सगळं छान चाललं होतं. घोटाळा सकाळी झाला.

बोटीच्या संडासाखाली एक सुटी टाकी असते. तिला कॅसेट म्हणतात. ती भरली की लाल दिवा लागतो आणि ती ओढून काढून नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. कालव्यात किंवा झाडीत ओतणं मना आहे. कागद वापरणाऱ्यांना ती बराच वेळ पुरते. आपल्याला तहारतसाठी पाणी लागतं. सहा जणांच्या घरात ती एका रात्रीत भरली. सकाळी दिवा लाल झालेला पाहून भाच्याने कपाळावर हात मारला. हा हिशेब त्याच्या ध्यानातच आला नव्हता.

कुणी काही बोललं नाही, पण अम्मींनी ऐकलं होतं. नाश्त्याला त्यांनी चहा नको म्हटलं. पाण्याचा पेला तसाच ठेवला. “तहान नाही” म्हणाल्या. आपांनी आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एसटीतल्या अम्मी समोर येऊन बसल्या होत्या. मुतखडा झालेली बाई आणि पुढे काही तासांची वाट.

आपा समजावायला लागल्या, पण भाच्याने त्यांना थांबवलं. तो छापलेली पानं घेऊन आजीशेजारी बसला. “नानी, हे बघा. आपण इथे आहोत. हे चिन्ह कशाचं, सांगा बरं?” अम्मींना उर्दू येतं, इंग्रजी येत नाही. त्यांनी चष्मा लावला. “हा नळ,” त्या म्हणाल्या. “आणि हा संडास.” भाच्याने पुलांचे आकडे दाखवले. ह्या कालव्यावर प्रत्येक पुलाला क्रमांक आहे आणि पुलावर त्याची पाटी आहे. वूस्टरकडून बर्मिंगहॅमकडे आकडा वाढत जातो. वाटेत कुणी आजारी पडलं तर मदतीला बोलावतानाही हाच क्रमांक सांगायचा. मोबाइलमुळे हे आकडे अम्मींच्या ओळखीचे. भाचा म्हणाला, “कॅसेट रिकामी करायची जागा शहरात आहे. त्याच्या आधी वाटेत काठावर थांबता येतं. पूल तुम्ही मोजा. कुठे थांबायचं ते तुम्हीच सांगा.”

अम्मींनी पानं हातात घेतली, पुढच्या डेकवर खुर्ची टाकली आणि पाटी दिसली की मोठ्याने आकडा सांगू लागल्या. सुकाणू पाठीमागे दुल्हाभाईंच्या हातात. आकडा आमच्यामार्फत साठ फूट मागे पोचायचा.

मग वास्ट हिल्सचा बोगदा आला. लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर. पायवाट आत जात नाही. पूर्वी घोडे टेकडीवरून चालवत नेत. आत काळोख आणि छतातून टपकणारं पाणी. समोरून एका बोटीचा दिवा दिसला तेव्हा आमच्या छातीत धस्स झालं. “घाबरू नका, दोन बोटी जातात, लिहिलंय,” भाचा म्हणाला. आणि खरोखर, ती बोट हातभर अंतरावरून सलामत निघून गेली. अर्ध्या तासाने उजेडात आलो. बाहेर पडताच अम्मींनी पेला मागितला आणि भरलेलं पाणी सगळं प्यायल्या. आम्ही काही बोललो नाही. आपांनी फक्त पुन्हा पेला भरून ठेवला.

पुढे किंग्ज नॉर्टनला दुसरा कालवा येऊन मिळतो. मग बोर्नव्हिल, जिथे कॅडबरीने 1879 मध्ये कालव्याच्या शेजारी चॉकलेटचा कारखाना आणला. मग विद्यापीठ, आणि शेवटी विटांच्या जुन्या इमारतींच्या मधोमध गॅस स्ट्रीट बेसिन. इथे पाण्यात एक भिंत आहे, तिला वूस्टर बार म्हणतात. शेजारच्या कालव्याच्या मालकांना भीती होती की नव्या कालव्यात आपलं पाणी निघून जाईल. म्हणून दोन्ही कालवे समोरासमोर असूनही मध्ये सात फुटांची भिंत ठेवली. हमाल एका बोटीतला माल उचलून दुसऱ्या बोटीत टाकायचे. 1815 मध्ये तिथे लॉक झालं तेव्हा कुठे बोटींना वाट मिळाली. पाण्याची भांडणं सगळीकडे सारखीच!

शहरात कागदावर दाखवलेल्या जागीच ती खोली होती. आपली किल्ली लावली, दार उघडलं, कॅसेट रिकामी करून धुऊन आणली. शेजारी नळ होता, टाकी भरून घेतली. भाच्याने निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या सूचनाही पाहिल्या होत्या. छापलेला कागद छापला त्या दिवसाचा असतो, नळ मात्र आज बिघडू शकतो. कुठे दुरुस्ती चालू आहे, कुठली वाट बंद आहे, हे ट्रस्ट वेगळं कळवत असते. दोन्ही पाहूनच निघावं.

परतीच्या वाटेवर अम्मी वेळेवर पाणी पीत होत्या. पुढची जागा किती पुलांवर आहे ते त्यांना आमच्याआधी ठाऊक असायचं. एका संध्याकाळी म्हणाल्या, “एसटीत मला भूक-तहानेची भीती नव्हती रे. कुणाला विचारायचं आणि कसं विचारायचं, ह्याची लाज होती. हे लिहून ठेवलंय, म्हणजे विचारावं लागत नाही.”

एवढी वर्षं मुलांना शिकवतो आहोत, पण ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. सोय असणं एक आणि ती कुठे आहे हे माहीत असणं वेगळं. आमच्या वर्गातल्या काही मुली सहलीला येत नाहीत. कारण विचारलं की “घरून पाठवत नाहीत” म्हणतात. खरं कारण दर वेळी तेच असेल असं नाही.

सुट्टी संपल्यावर आठवीच्या मुला-मुलींना आम्ही एक काम दिलं. शाळेपासून तालुक्याच्या बसस्थानकापर्यंतची एक रेघ काढायची. तिच्यावर पिण्याचं पाणी, संडास, बसायची सावली आणि दवाखाना चिन्हांनी दाखवायचा. संडासाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते ते लिहायचं. आजी-आजोबांना वाचता यावं म्हणून शब्द कमी आणि चित्रं जास्त. मुलं दोन रविवार हिंडली. किल्लीच्या रकान्यात “चहावाल्या चाचांकडे” असंही एका ठिकाणी लिहून आलं. तो कागद आता शाळेच्या फलकावर आहे, पालकांच्या फोनवरही गेला आहे. दर महिन्याला मुलं तपासून त्यात दुरुस्ती करतात.

वाचकांना आमचा एवढाच मशवरा आहे. तुमच्या घरातल्या बायका कुठल्या वाटेवर पाणी पीत नाहीत, हे त्यांना एकदा विचारा. मग त्या वाटेचा असा एक कागद घरातल्या मुलांकडून करून घ्या. अम्मींनी आमचा कागद पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “पुलांचे आकडे नाहीत. मैलाचे दगड घाला.” पुढच्या रविवारी मुलं मैलाचे दगड मोजायला जाणार आहेत, इन्शाअल्लाह.