औषधाचा वास

आमच्या सासूबाई दर्यापूर तालुक्यातल्या, म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या. उभे आयुष्य खारट पाण्यावर काढलेल्या त्या बाईंनी परतवाड्यास आमच्याकडे आल्यावर नळाच्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "याले औषधाचा वास येते वं."

वास क्लोरीनचा होता. ती तक्रार मी मनावर घेतली नाही. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तहान मुळातच मंदावलेली. त्यात पाणी नकोसे झाले. आधी लघवीला जळजळ, मग झोकांड्या आणि एका रात्री त्यांनी मला ओळखलेच नाही. "दिवसाकाठी किती पाणी पितात?" डॉक्टरांनी विचारले. मला सांगता आले नाही.

त्या बऱ्या झाल्यावर मी सक्रिय कोळशाच्या फिल्टरचा शोध सुरू केला. नारळाच्या करवंटीचा कोळसा प्रखर वाफेने असा सच्छिद्र करतात, की वास त्यात अडकून राहतो आणि क्लोरीनचे त्यावर क्लोराइड होते. एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, यावर त्याची प्रत ठरते. पिण्याच्या पाण्यासाठी हा आकडा नऊशे-हजारांच्या आसपास असावा. एक विक्रेता म्हणाला, याने खारे पाणीही गोड होते. ते खरे नव्हे. विरघळलेले क्षार कोळसा अडवीत नाही. त्यासाठी आरओ लागते. म्हणूनच टीडीएस मीटरवरून कोळशाची पारख होत नाही.

ती होते ओटी चाचणीने. गावोगावी जलसुरक्षक करतात तीच ही चाचणी. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की ते पिवळे होते; गाळलेले पाणी रंगहीन राहिले, तर कोळसा काम करतो आहे. (चाचणीचे पाणी लगेच ओतून द्यावे, ते विषारी असते.) क्लोरीन गेले की पाण्याचा पहारेकरीही गेला, म्हणून गाळलेले पाणी मी झाकून ठेवते आणि त्याच दिवशी संपविते.

सासूबाईंना किती पाणी द्यायचे, ते डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर ते विचारूनच घ्यावे. पेल्यांचा हिशेब आता कॅलेंडरवर असतो.

गेल्या महिन्यात गाळलेले पाणीही फिकट पिवळे दिसले आणि मी कार्ट्रिज बदलले. कॅलेंडर पाहिले, तर सासूबाईंनी दोन दिवस आधीपासूनच पेला अर्धा ठेवायला सुरुवात केली होती.